तांबड्या रेघेच्या अलीकडे

मंगळवारी सकाळी पुढच्या खोलीच्या छताचा एक टवका निखळून मोठ्या काट्याच्या डाव्या पारड्यात पडला. तो कोणाच्या डोक्यात पडला असता तर काय झालं असतं, हा विचार वहिनीने केला. आप्पांनी उजव्या पारड्यात वजनं टाकली आणि टवका तीनशे बारा ग्रॅम भरतो असं जाहीर केलं. तीन पिढ्या तराजू दुरुस्त करणाऱ्या घरात याहून वेगळं काही होण्याची शक्यता नव्हती.

छताचं काय करायचं ते ठरवण्यासाठी बैठक शनिवारी दुपारी तीनला ठरली. आक्काला ती वेळ सोयीची नव्हती, कारण चारला ओतारी यायचा होता. पण हे कारण सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ती ‘चालेल’ म्हणाली. आप्पांची ही मधली लेक एक्कावन्न वर्षांची झाली होती आणि या घरात तिच्या तोंडून सर्वांत जास्त वेळा निघालेला शब्द हाच असावा.

ओताऱ्याची भट्टी शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. पितळेची आणि बिडाची वजनं ओतून तो दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी टेम्पोतून आणून टाकी. तेरा वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी, माल उतरवून झाल्यावर, त्याने हात पुसले आणि आक्काला लग्नाचं विचारलं. आडवळण नाही, प्रस्तावना नाही. भट्टीशेजारी एक उजेडाची खोली आहे, तिथे तिने बारीक काट्यांचं काम करावं, ओतकाम तो बघेल, आणि संध्याकाळी दोघांनी एकत्र जेवावं, एवढीच त्याची योजना होती. आक्काला ती इतकी आवडली की तिला भीतीच वाटली. नेमकी त्याच आठवड्यात घराच्या भिंतीवर रेघ आली होती. ती म्हणाली, “रेघेचं काय ते ठरू दे. अशा वेळी आप्पांना टाकून कशी येऊ?”

“ठीक आहे,” तो म्हणाला. “मी विचारत जाईन.”

आणि विचारत गेला. दर महिन्याला शेवटचं वजन खाली ठेवलं की, “रेघेचं काय झालं?” ती म्हणे, “अजून काही नाही.” घरच्यांना वाटे, माणूस किती भला, परक्याच्या घराची केवढी काळजी! दीडशेच्या वर वेळा हा प्रश्न विचारून झाला होता. सगळं जग तिला आक्का म्हणे, अगदी तिचा थोरला भाऊसुद्धा. ओतारी तिला काहीच म्हणत नसे. तिला ते फार बरं वाटे.

गेल्या महिन्यात मात्र त्याने प्रश्नाला पुढे शेपूट जोडलं. भट्टी त्याने दुसऱ्याला दिली होती. पुढच्या खेपेला उरलेला माल टाकायचा आणि दोन दिवसांच्या वाटेवर भावाकडे कायमचं जायचं, असं ठरलं होतं. “पुढच्या वेळी शेवटचं विचारेन,” तो म्हणाला. ती पुढची वेळ म्हणजे आजचे चार.

*

रेघेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या घरात जे काही झालं आणि जे काही झालं नाही, ते सगळं तिच्यामुळे, असं सर्वांचं मत होतं.

तेरा वर्षांपूर्वी रस्ते खात्याची दोन माणसं शिडी घेऊन आली. घराच्या डाव्या आणि उजव्या बाहेरच्या भिंतीवर त्यांनी हातभर तांबडी खूण मारली, “रस्ता रुंद होणार, खुणेच्या पुढचं जाणार,” असं सांगितलं आणि पाणीही न पिता गेली. दुसरं कोणतंही घर दोन खुणांवर थांबलं असतं. पण हे मोजमापवाल्यांचं घर. घर जाणार यापेक्षा खात्याने काम कच्चं सोडलं, याचंच आप्पांना जास्त लागलं. त्यांनी दोन खुणांच्या मध्ये दोरी ताणली, ओळंबा धरला आणि तांबड्या रंगाचा डबा आक्काच्या हाती दिला, कारण घरात सर्वांत स्थिर हात तिचा. रेघ दुकानाच्या फरशीवरून निघाली, पुढच्या खोलीतून गेली, जिन्याची तिसरी पायरी कापून पलीकडच्या भिंतीवर चढली. केसाचाही फरक नव्हता.

पावलांनी रेघ पुसट होई, म्हणून आक्का ती दर वर्षी नव्याने रंगवी. वहिनी डबा धरी. बाहेरच्या मूळ खुणा तीन-चार वर्षांतच धुऊन गेल्या. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही, कारण आतली जास्त अचूक होती.

मग घर रेघेच्या अलीकडे राहायला लागलं. पुढे खिळा ठोकायचा नाही, रंग द्यायचा नाही, दिवा बदलायचा नाही. थोरल्याकडे नव्या विजेवरच्या काट्यांची एजन्सी चालून आली होती. त्याने ‘रेघेचं ठरल्यावर बघू’ असं कळवलं आणि ती समोरच्या कोपऱ्यावरच्या दुकानाला गेली. वहिनीचा भाऊ बायकामुलांसह पुढच्या खोलीत बिऱ्हाड करणार होता. त्याला ‘घर आज आहे, उद्या नाही’ असं सांगावं लागलं आणि सांगताना वहिनीने डोळ्यांना पदर लावला होता. धाकटा वीज मंडळात होता. घर पडणार, म्हातारे वडील आहेत, असा अर्ज करून त्याने दूरवरच्या बदल्या सलग तीनदा रद्द करून घेतल्या. प्रत्येकाचं काही ना काही रेघेने अडवलं होतं आणि प्रत्येक जण तिला यथाशक्ती शिव्या घालत होता.

*

तीन वाजता सगळे मोठ्या काट्याभोवती बसले. काटा आजोबांचा. पुरुषभर उंचीचा, पितळी दांडीचा, आणि दोन्ही पारडी रेघेच्या दोन बाजूंना. वजन करताना बोललं की श्वासाने पारडं हलतं, म्हणून आजोबांनी नियम केला होता की काटा स्थिर होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. आप्पांनी तो नियम घरच्या भांडणांनाही लावला. बैठकीत ते खालची कळ सोडत, पारडी झुलायला लागत, आणि काटा मध्यावर येऊन थांबेपर्यंत सगळ्यांनी तोंड मिटून बसायचं. चार मिनिटं लागत. चार मिनिटांत बहुतेकांचा राग निम्मा होई आणि काहींचा दुप्पट. मागच्या पिढीतलं जिन्याचं भांडणसुद्धा याच चार मिनिटांत मिटलं होतं, किंवा आप्पांना तसं वाटत होतं.

“छत दुरुस्त करायचं म्हटलं तर करता येईल,” काटा थांबल्यावर थोरला म्हणाला. “पण रेघेच्या पुढचं छत आहे. आज बांधा, उद्या पाडा.”

“मी तेच म्हणते,” वहिनी म्हणाली. “कशाला हात लावायचा? खाटा मागे सरकवू.”

“आणखी किती मागे सरकणार आहोत आपण?” आक्काने विचारलं. “गेल्या वर्षी कपाट सरकवलं. आता स्वयंपाकघरात पाय टाकायला जागा नाही.”

“आक्का, खात्याची कामं खात्याच्या गतीने होतात,” धाकटा म्हणाला. तो नोकरीत असल्यामुळे अशी वाक्यं त्याच्या वाट्याला येत. “सरकारी रेघ आहे. आपल्या हातात काय आहे?”

“कोणाच्याच हातात काही नाही,” थोरला म्हणाला.

“खरं आहे,” आप्पा म्हणाले.

एवढ्यावर एकमत झालं. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. आक्काने घड्याळ पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

तेवढ्यात दारात एक तरुण मुलगी उभी राहिली. डोक्यावर पिवळं हेल्मेट, कमरेला टेप, हातात टॅब. ती रस्ते खात्याची मोजणीदार होती आणि गटारांच्या झाकणांची मापं घेत दारोदार फिरत होती. तिला फक्त उंबऱ्यापासून गटारापर्यंतचं अंतर हवं होतं. ते घेण्यासाठी ती वाकली आणि तशीच थांबली.

“ही काय रेघ आहे?”

“तुमचीच,” आप्पा म्हणाले. “रस्तारुंदीची.”

“पण ते रद्द झालं ना?”

खोलीत कोणी कळ सोडली नव्हती, तरी सगळे गप्प झाले.

“रद्द होऊन नऊ वर्षं झाली,” मुलगी म्हणाली. “रस्ता नदीकडून नेला. सगळ्या घरांना रजिस्टर पत्रं गेलीयत.” तिने टॅबवर बोट फिरवलं. “तुमच्या पत्राची पोचही आहे. सही आहे.” मग तिने रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली, जिन्याच्या पायरीसकट. “कोणी मारलीय हो ही? काय सुरेख काम आहे! आमच्याकडे असं कोणी मारत नाही.”

“मी,” आक्का म्हणाली.

“मस्त,” मुलगी म्हणाली, गटाराचं माप लिहून घेतलं आणि पुढच्या घरी गेली.

*

सर्वांत आधी धाकट्याला वाचा फुटली. “पोच म्हणजे काय, कोणीही सही करतं. पोस्टमन स्वतःच करतात.”

“खात्याचा घोळ असणार,” थोरला म्हणाला. “आलं असतं तर आपल्याला कळलं नसतं?”

“नाहीतर काय!” वहिनी म्हणाली. “पत्र आलं असतं तर पासंगाच्या खणात असतं की.”

पासंगाचा खण म्हणजे आप्पांच्या मेजाचा खालचा खण. हलक्या पारड्याखाली लावायचे शिशाचे बारीक तुकडे त्यात एका पत्र्याच्या डब्यात असत. या घरात दुसऱ्याचा खण कोणी उघडत नाही, असा नियम होता आणि आक्काने तो जन्मभर पाळला होता.

“पासंगाच्या खणात का म्हणून?” तिने विचारलं.

वहिनीने पदर नीट केला. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची वेळ निघून गेली होती, पण तिने प्रयत्न केला. “आपलं म्हटलं. कागद तिथेच असतात ना.”

“खणात नाही, डब्याखाली,” थोरला म्हणाला.

त्याला ते म्हणायचं नव्हतं. पण या घरात कोणी चुकीचं माप सांगितलं की दुसऱ्याच्या तोंडून बरोबर माप निघतंच. ते रक्तात आहे. तो स्वतःच्याच वाक्याकडे बघत राहिला.

“डब्याखाली होतं,” धाकटा म्हणाला. “तिथे ओल येत होती, म्हणून मी ते डब्यात टाकलं.”



आक्का उठली. आप्पांच्या मेजापाशी गेली, खालचा खण उघडला, डबा बाहेर काढून त्याचं झाकण काढलं. शिशाच्या तुकड्यांवर एक चौपदरी कागद होता. तिने तो उलगडला. मजकूर दोन ओळींचा होता: रस्तारुंदीचा प्रस्ताव रद्द, खूण रद्द समजावी. घड्या चार वेगवेगळ्या तऱ्हेने पडल्या होत्या. एका कोपऱ्यावर पितळ घासायच्या पावडरीचा अंगठा होता, तो थोरल्याचा. मधल्या घडीत पीठ अडकलं होतं. वरच्या बाजूला धाकट्याने सवयीने, सरकारी कागदाला करतो तशी, बरोबरची खूण केली होती. आणि मागे आप्पांच्या अक्षरात तारीख आणि ‘मिळाले’.

“नऊ वर्षं,” आक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. तिलाही तो चढायला हवा होता असं वाटलं, पण तो चढेना. “चौघांना माहीत होतं.”

“चौघांना?” थोरला दचकला. “मला वाटलं, मला एकट्यालाच.”

“मलाही तसंच,” वहिनी म्हणाली आणि नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्या नजरेचा निकाल पुढे कधीतरी लागणार होता. “तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही मला दर पावसाळ्यात सामान हलवायला मालवाहतुकीचे दर काढायला लावत होता?”

“तू तरी काढत कशी होतीस?”

“का लपवलंत?” आक्काने विचारलं. “एकेकाने सांगा.”

आधी थोरला बोलला. एजन्सी घ्यायची म्हणजे नवे काटे शिकायला हवे होते. तारा, सर्किट, आकडे चमकणारी काच. “मी दोन दिवस त्यांच्या प्रशिक्षणाला जाऊन आलो होतो, आक्का. तिथे विशी-बाविशीची पोरं होती. मला काही म्हणता काही कळलं नाही. घरी येऊन सांगणार काय? रेघ होती, तिच्यावर ढकललं. मग पत्र सापडलं. म्हटलं, असू दे.”

“माझ्या भावाचं बिऱ्हाड आलं असतं, वन्सं,” वहिनी म्हणाली. “सहा माणसं. माझा सख्खा भाऊ आहे, म्हणून सांगते. आला असता तर हललाच नसता.”

धाकट्याने सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. बदल्यांचे अर्ज सगळ्यांनाच माहीत होते. “आणि मला वाटलं, आप्पांनी ठेवलंय म्हणजे काहीतरी विचार करूनच ठेवलं असणार.”

सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. ऐंशी वर्षांचे आप्पा मांडीवर हात ठेवून बसले होते.

“पत्र आलं त्या महिन्यात हे दोघे वाटणी मागत होते,” ते म्हणाले. “मागची खोली मला, मागची खोली मला. रोज काटा सोडत होतो. रेघेपुढची खोली कोणालाच नको होती, म्हणून वाटणी होत नव्हती आणि घर एकत्र राहिलं होतं. पत्र दाखवलं असतं तर घराचे दोन तुकडे झाले असते. मी म्हटलं, आठ दिवस थांबू. दोघे निवळले की दाखवू. मग दाखवायला उशीर झाला. उशीर झालेली गोष्ट रोज आणखी अवघड होते.”

“मी दर वर्षी ती रंगवत होते, आप्पा. तुम्ही समोर खुर्ची टाकून बसत होतात. ‘डावीकडे जरा जाड झालीय’ असं सांगत होतात.”

“झाली होती,” आप्पा म्हणाले आणि लगेच मान खाली घातली.

“वहिनी, तुम्ही डबा धरत होतात.”

“मग काय करणार? तुमचे हात रंगाने भरलेले असायचे.”

आक्काला आता राग आला. तो पोटातून आला आणि तोंडापर्यंत येईतो त्याचे तुकडे झाले, कारण नेमकं काय गेलं ते या चौघांना माहीतच नव्हतं आणि तिने ते कधी सांगितलंही नव्हतं. ती एवढंच म्हणाली, “माझं काय अडलं होतं हे तुमच्यापैकी एकाने तरी विचारलंत?”

“तुझं कुठे काय अडलं होतं?” थोरला गोंधळून म्हणाला. आणि मग, कोपऱ्यात सापडलेला माणूस करतो तसं, त्याने उलटा वार केला. “आणि असलं तर तू का नाही गेलीस विचारायला? कचेरी दहा मिनिटांवर आहे. तेरा वर्षांत एकदा तरी गेलीस? रेघ तर तूच मारत होतीस!”

“दादा, गप्प बस,” धाकटा म्हणाला.

पण बाण सुटला होता आणि तो जिथे लागायचा तिथे लागला. आक्का मेजाला टेकून उभी राहिली. बाजारातला कुठलाही काटा तिच्यापुढे आला की ती आधी पारड्यांतलं वजन अदलाबदल करून पाही; दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर तिने आयुष्यात विश्वास ठेवला नव्हता. फक्त या एका आकड्यावर ठेवला होता. कचेरीच्या रस्त्याने ती आठवड्यातून दोनदा भाजी आणायला जाई. खिडकीपाशी रांगही नसे. आत जाऊन विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं असतं तर भट्टीशेजारच्या उजेडाच्या खोलीबद्दल हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं. ओतारी विचारत राहिला आणि ती ‘अजून काही नाही’ म्हणत राहिली, यात तिला एक प्रकारचं सुख होतं. हे तिने स्वतःला आज पहिल्यांदा सांगितलं आणि ते ऐकायला फार वाईट वाटलं.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “मी गेले नाही.”

तिने असं मान्य केल्यावर थोरल्याने आप्पांकडे पाहिलं. भांडणात समोरच्याने मान्य करण्याची या घराला सवय नव्हती.

“आता पुढे काय करायचं ते ठरवू,” आप्पा म्हणाले. “छत, खोली, सगळंच.” त्यांनी खाली वाकून कळ सोडली. खट् आवाज झाला आणि पारडी झुलायला लागली.

*

ओतारी बरोबर चारला आला. दोन्ही हातांत पाच-पाच किलोचं एकेक वजन होतं. उंबऱ्याशी आला, काटा हलताना पाहिला आणि तिथेच थांबला. तेरा वर्षांत त्याला या घराचे नियम पाठ झाले होते. वजनं खाली ठेवली असती तर आवाज झाला असता, म्हणून ती हातातच ठेवून तो उभा राहिला.

काट्याला आत्ता कुठे अर्धं मिनिट झालं होतं. आक्काने त्याच्याकडे पाहिलं. कानांवरचे केस पांढरे झाले होते. ते कधी झाले? दर महिन्याला ती त्याला पाहत होती. शर्ट धुतलेला होता, प्रवासाला निघणाऱ्याचा. दुसरं मिनिट संपता संपता त्याचा डावा हात बारीक थरथरायला लागला. त्याने तो हात मांडीला टेकवला आणि तिच्याकडे न बघता काट्याकडे बघत राहिला. हलतं पारडं बघत गप्प उभं राहायची त्याला जन्माची सवय झाली आहे असं तिला वाटलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिने बोट पुढे केलं आणि पारड्यावर ठेवलं.

काटा थांबला. वहिनीने “अगं बाई!” म्हटलं. झुलत्या पारड्याला हात लावणं ही तीन पिढ्यांत घरच्या कोणी न केलेली गोष्ट होती. आजोबांनी यावरून एका जावयाला जेवणाच्या ताटावरून उठवलं होतं, असं सांगत.

“ठेवा ती खाली,” आक्का ओताऱ्याला म्हणाली.

त्याने वजनं खाली ठेवली. हात झटकले. सगळे आपल्याकडे का बघताहेत ते त्याला कळेना, पण विचारायचं ते विचारून घ्यावं म्हणून त्याने घसा साफ केला.

“रेघेचं काय झालं?”

“रद्द झाली,” आक्का म्हणाली. “नऊ वर्षांपूर्वी.”

ओतारी संथ माणूस होता. त्याने रेघेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “मग मधली नऊ वर्षं?”

“ती या घरात खर्च झाली.” तिने हातातला कागद मेजावर ठेवला. “यांनी लपवलं होतं. पण सगळं यांच्यावर ढकलत नाही. कचेरी दहा मिनिटांवर आहे. मी एकदाही गेले नाही. मला भीती वाटत होती.”

“कसली?”

“हो म्हणायची.”

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. वहिनीने धाकट्याकडे पाहिलं. दीडशे शनिवारांचा हिशेब तिघांच्याही तोंडावर एकदमच उमटला आणि तिघांनीही नजर जमिनीकडे वळवली.

“माझा टेम्पो दर महिन्याला त्या कचेरीवरूनच येतो,” ओतारी म्हणाला. “दोन-चारदा वाटलं होतं, उतरून विचारावं.”

“मग?”

“म्हटलं, तुम्ही सांगाल.” तो कानामागे खाजवत राहिला. “आणि नाही म्हणालात तर, असंही वाटलं. विचारत होतो तोवर बरं होतं.”

आक्काला हसू आलं. ते रडण्याच्या इतकं जवळ होतं की तिने ते लवकर आवरलं.

“भट्टी तर दिली असेल.”

“दिली. भावाकडे एक पडवी आहे. उजेड आहे. भट्टी नाही, पण काट्यांचं काम होईल.” मग तो म्हणाला, “संध्याकाळचं जेवण भाऊ फार उशिरा करतो. आपण आपलं लवकर जेवू.”

“टेम्पोत जागा आहे?”

“पुढच्या सीटवर वीस किलोचं वजन आहे. तुमच्याकडे टाकायचंच होतं.”

“ते मी उचलते,” आक्का म्हणाली.

ती आत गेली. दोन लुगडी, चष्मा आणि बारीक वजनांची लाकडी पेटी, चिमट्यासकट, एवढं तिने पिशवीत भरलं. बाकीचं नंतर नेता येईल असं तिला वाटलं आणि बाकीचं काय ते तिला पटकन आठवेना. बाहेर आली तेव्हा वीस किलोचं वजन दुकानाच्या फरशीवर, रेघेवरच ठेवलेलं होतं. ते ओताऱ्यानेच आणून ठेवलं होतं. ती आप्पांपुढे वाकली. आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

थोरला उठला. “आक्का, असं एकदम कसं? आपण बसू, बोलू. आप्पांचं कोण करणार? आणि बारीक काट्यांचं काम मी एकटा—”

“वन्सं, लोक काय म्हणतील?” वहिनी म्हणाली.

“निदान महिनाभर थांब,” धाकटा म्हणाला. “व्यवस्थित ठरवून—”

खट्.

आप्पांनी कळ सोडली होती. तिघांची तोंडं उघडीच राहिली आणि आवाज बंद झाला. काटा सुटला की बोलायचं नाही.

आप्पा तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी तर्जनी पुढे केली, ऐंशी वर्षांत ज्या बोटाने त्यांनी कधी झुलत्या पारड्याला स्पर्श केला नव्हता ती, आणि डावं पारडं चांगलं खाली दाबून सोडून दिलं. काटा कधी गेला नव्हता इतका लांब गेला. मग त्यांनी आक्काकडे पाहिलं आणि दाराकडे हनुवटी उडवली.

तिने पिशवी उचलली, रेघ ओलांडली आणि बाहेर पडली. टेम्पो पहिल्या दोन वेळा नुसताच गुरगुरला. ओताऱ्याने ओशाळून तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, “सावकाश. वेळ आहे.” दुकानाच्या उघड्या दारातून तिला आतली तीन माणसं ओठ मिटून बसलेली दिसत होती आणि त्यांच्या मध्ये आप्पा. टेम्पो तिसऱ्या खेपेला सुरू झाला तेव्हाही काटा अजून चांगला डावी-उजवीकडे जात होता.